बोलण्याची पाळी

पावसाळी मासेमारीबंदीचे दोन महिने सरून मिरकरवाड्याच्या बंदरांतून होड्या पुन्हा बाहेर पडूं लागल्या, म्हणजे सायंकाळीं भगवतीच्या किल्ल्यावर फिरावयास जाण्याचा आमचा जुना परिपाठ आहे. गेल्या वर्षीं आमच्याबरोबर आमची दहा वर्षांची नात होती. दीपगृहाकडे पाहून ती म्हणाली, "आजोबा, दिवा गलबतांना दिसावा म्हणून लावतात हें मला ठाऊक आहे. पण हल्लीं दीपगृहांवर त्या लोखंडी काठ्या उभ्या करतात, त्या कोणाला दिसतात?"

आम्हीं उभा जन्म मुलांना संस्कृत व गणित शिकविण्यांत घालविला. प्रश्न विचारणें हा आमचा धंदा. तो उलटून आपल्यावर आला म्हणजे जरा तारांबळ उडते. "त्या दिसण्यासाठीं नाहींत, ऐकण्यासाठीं आहेत," असें कांहींतरी सांगून आम्हीं वेळ मारून नेली. परंतु कोण ऐकतो, काय ऐकतो आणि ऐकून पुढें करतो काय, हें खुद्द आम्हांसच नीट ठाऊक नव्हतें.

सुदैवानें त्याच गणेशचतुर्थीस आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. नौदलाच्या संदेशखात्यांत पुष्कळ वर्षें काढून तो आतां निवृत्त झाला आहे. ओटीवर बसल्याबसल्या आम्हीं विषय काढला, तेव्हां त्यानें प्रथम अट घातली. "गुरुजी, जें छापून आलेलें आहे आणि जगाला माहीत आहे, तेवढेंच सांगेन. त्यापलीकडे तुम्ही विचारूं नका." शिष्याची ही अट आम्हांस मनापासून आवडली. त्यानें जें सांगितलें व मागाहून आम्हीं स्वतः वाचून जें पडताळून पाहिलें, तें दोन्ही मिळून येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

बिनतारी यंत्रावरून माणसें बोलतात हें आतां कोणास नवल राहिलेलें नाहीं. परंतु युद्धनौका, विमानें आणि किनाऱ्यावरचीं ठाणीं यांना परस्परांशीं जें बोलावयाचें असतें, तें माणसाच्या तोंडून बोलत बसण्यास सवड नसते. 'अमुक अक्षांशावर, अमुक रेखांशावर, अमुक दिशेनें, अमुक वेगानें एक अनोळखी गलबत चाललें आहे' हें एक वाक्य स्पष्ट उच्चारून, समोरच्यानें तें लिहून घेऊन, परत वाचून दाखवीपर्यंत अर्धें मिनिट जातें. आणि असें गलबत एक नसून पन्नास असतात. म्हणून यंत्र यंत्राशीं आंकड्यांत बोलतें. एक व शून्य या दोनच अक्षरांची त्याची मुळाक्षरें. वरच्या वाक्यांतला सगळा मजकूर अशा १६८ अक्षरांत मावतो, आणि तो पाठविण्यास सेकंदाचा पन्नासावा भागसुद्धां लागत नाहीं. अशा बोलणाऱ्या यंत्रांच्या समुदायाला सैनिकी भाषेंत 'डेटा लिंक' म्हणतात; आपण त्याला बिनतारी जाळें म्हणूं.

आतां खरी अडचण पाहा. एकाच लहरीवर दोघे एकदम बोलले, तर दोघांचेंही बोलणें फुकट जातें. ज्यांच्या घरीं पंचवीस पानांची पंगत बसते त्या वाचकांस हें समजावून सांगावयास नको. आणि आम्हांस तर शिक्षक बाहेर गेलेला इयत्ता पांचवीचा वर्ग आठवतो. प्रत्येक मुलगा कांहींतरी सांगत असतो, त्यांतलें पुष्कळसें खरेंही असतें, पण कोणाचेंच कोणाला ऐकूं येत नाहीं.

या गोंधळाचें गणित १९७० सालीं हवाई बेटांवरच्या विद्यापीठांत प्रथम मांडलें गेलें. नॉर्मन अब्रॅम्सन या प्राध्यापकांनीं निरनिराळ्या बेटांवरचीं यंत्रें बिनतारीनें जोडलीं आणि त्या योजनेला 'अलोहा' असें तेथील नमस्काराचें नांव दिलें. नियम अगदीं मोकळा होता. ज्याला जेव्हां बोलावयाचें असेल त्यानें तेव्हां बोलावें. पोंच आली नाहीं तर टक्कर झाली असें समजून थोडें थांबावें व पुन्हा बोलावें. हिशेब केला तेव्हां असें दिसून आलें, कीं या कारभारांत उपलब्ध वेळाचा फार तर शेंकडा अठरा भाग सत्कारणीं लागतो. उरलेला टकरींत किंवा स्वस्थ बसण्यांत जातो. पुढें एकच निर्बंध घातला : बोलावयाचें तें ठराविक ठोक्यालाच सुरू करावयाचें, मध्येंच नाहीं. तेवढ्यानें तो आंकडा दुप्पट, म्हणजे जवळजवळ सदतीस झाला. शाळेंतील घंटेचा महिमा आम्हीं चाळीस वर्षें मुलांना सांगत आलों. त्याला असा गणिती आधार मिळेल असें वाटलें नव्हतें.

परंतु सदतीसांवर रक्षणाचें काम भागत नाहीं. म्हणून पुढची पायरी अशी, कीं प्रत्येकाची पाळी आधींच ठरलेली असावी. काळाचे लहान लहान तुकडे पाडावयाचे आणि प्रत्येक तुकडा एकेकाच्या नांवावर करावयाचा. आपल्या तुकड्यांत बोलावें, इतर वेळीं ऐकावें. सर्व सैनिकी जाळ्यांच्या मुळाशीं हीच एक कल्पना निरनिराळ्या रूपांनीं आहे.

किनाऱ्यावर बसून जें आपणांस समजूं शकतें, तें याचें व्यापारी रूप आधीं सांगतों, कारण त्यांत गुप्त असें कांहीं नाहीं. मोठ्या जहाजांवर 'ए. आय. एस.' नांवाचें एक यंत्र बसवावें लागतें. आंतरराष्ट्रीय वाहतूक करणाऱ्या ३०० टनांच्या व त्यावरील जहाजांस तें २००४ अखेरपासून सक्तीचें आहे. या यंत्रांत मिनिटाचे २,२५० तुकडे पाडलेले असतात आणि अशा दोन लहरी वापरतात. धांवतें जहाज दर दोन ते दहा सेकंदांनीं आपलें ठिकाण, दिशा व वेग सांगतें. जितकें वेगवान तितकें अधिक वेळां. नांगरून पडलेलें जहाज तीन मिनिटांतून एकदांच बोलतें. प्रत्येकाला नऊ आंकडी क्रमांक असतो, आणि भारतीय जहाजाचा क्रमांक ४१९ नें सुरू होतो.

मौज अशी, कीं येथें पाळ्या वाटून देणारा कोणी मास्तर नाहीं. नवें यंत्र सुरू झालें म्हणजे तें एक मिनिटभर गप्प राहून ऐकतें, कोणते तुकडे भरलेले आहेत त्याची टांचणी करतें, रिकामा पाहून त्यांत शिरतें, आणि बोलतांनाच 'पुढच्या खेपेस मी अमुक तुकड्यांत बोलणार' असें जाहीर करून ठेवतें. गर्दी फार झाली तर सर्वांत दूरच्या जहाजाचा तुकडा वापरण्यास मुभा असते, कारण त्याचा आवाज जवळच्यांना तसाही क्षीणच ऐकूं येतो. स्वीडन देशांतील होकान लान्स या संशोधकाचें नांव या युक्तीशीं जोडलेलें आहे. पंचाशिवाय चालणारी अशी पंचायत आम्हीं तरी मनुष्यसमाजांत पाहिलेली नाहीं.

या तुकड्याची लांबी सेकंदाच्या सदतिसाव्या भागाच्या आसपास पडते. ती ऐकून आम्हांस अमरकोश आठवला. त्यांत अठरा निमेषांची काष्ठा, तीस काष्ठांची कला, तीस कलांचा क्षण, बारा क्षणांचा मुहूर्त व तीस मुहूर्तांचें अहोरात्र असें मान दिलें आहे. गुणाकार करून पाहावा. अहोरात्रांत ५८,३२,००० निमेष भरतात, म्हणजे एका सेकंदांत साडेसदुसष्ट. तेव्हां जहाजाची बोलण्याची पाळी पावणेदोन निमेषांहून किंचित् मोठी. प्रत्यक्षांत पापणी लवण्यास याहून पुष्कळ अधिक वेळ लागतो, म्हणून इतकें सूक्ष्म मान कोशकारानें कशासाठीं दिलें असावें असें आम्हांस विद्यार्थिदशेंत वाटे. आज त्या मानाचें गिऱ्हाईक भेटलें.

सैन्याच्या जाळ्यांत तुकडा याहूनही लहान असतो. अमेरिका व तिचे मित्रदेश वापरतात त्या 'लिंक-१६' नांवाच्या जाळ्याची माहिती पुष्कळशी प्रसिद्ध झालेली आहे, म्हणून उदाहरणादाखल तेंच घेतों. त्यांत सेकंदाचे १२८ तुकडे पाडतात. अर्ध्या निमेषाच्या जवळपास एकेक. बारा सेकंदांचें एक आवर्तन, त्यांत १,५३६ पाळ्या. येथें मात्र पाळ्या आपखुशीनें घ्यावयाच्या नसतात. मोहीम निघण्यापूर्वींच तज्ज्ञ मंडळी बसून कोणाला किती पाळ्या द्यावयाच्या तें आंखतात, आणि तो आराखडा प्रत्येक विमानाच्या व नौकेच्या यंत्रांत भरून देतात. ज्याचें रडार दूरवर पाहतें त्याला पाळ्या अधिक. ज्याला केवळ 'मी येथें आहें, इंधन इतकें आहे' एवढेंच सांगावयाचें त्याला थोड्या. हुकमांसाठीं पाळ्या वेगळ्या राखून ठेवतात. आमच्या नौदलाच्या जहाजांसाठींही 'लिंक' वर्गाचीं यंत्रें भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीनें देशांतच बनविलीं आहेत. त्यांचा आराखडा कसा असतो हें आमच्या शिष्यानें सांगितलें नाहीं व आम्हींही विचारलें नाहीं.

पाळी पाळावयाची तर घड्याळ जुळलें पाहिजे, आणि तें आपल्या भिंतीवरच्या घड्याळासारखें जुळून भागत नाहीं. व्यापारी जहाजें उपग्रहांकडून वेळ घेतात. सैन्याला मात्र परक्याच्या किंवा आकाशांतल्या वस्तूवर सर्वस्वीं भिस्त ठेवून चालत नाहीं; म्हणून लिंक-१६ मध्यें एका ठाण्याचें घड्याळ प्रमाण मानतात. तें चुकीचें असलें तरी चालेल, सर्वांनीं तेंच खरें धरावयाचें. आमच्या एका मुख्याध्यापकांचें खिशांतलें घड्याळ रोज सात मिनिटें पुढें असे आणि शाळा त्यावरच भरे. कोणाचें कांहीं अडलें नाहीं. नव्यानें जाळ्यांत येणारें यंत्र त्या प्रमाण ठाण्याला साद घालतें, उत्तर यावयास किती वेळ लागला तो मोजतें, आणि त्यावरून आपलें घड्याळ बसवून घेतें. बिनतारी लहर सेकंदाच्या दशलक्षाव्या भागांत तीनशें मीटर जाते. तेव्हां वेळ इतक्या बारकाईनें मोजतां आला, कीं त्यांतून अंतरही आयतेंच निघतें. एकाच मापानें दोन कामें झालीं.

दुसरी गोष्ट उंचीची. या जातीच्या लहरी सरळ रेषेंत जातात, आणि पृथ्वी वाटोळी असल्यामुळें क्षितिजाखालचें त्यांना दिसत नाहीं. नियम सोपा आहे : खांबाची उंची मीटरांत घ्या, तिचें वर्गमूळ काढा, त्याला ४.१२ नें गुणा. तितके किलोमीटर लहर पोंचते. समुद्रसपाटीपासून शंभर मीटर उंच कड्यावरचा खांब ४१ किलोमीटर पाहतो. चार मीटर उंचीची काठी लावलेली होडी सव्वाआठ किलोमीटर पाहते. दोघांची बेरीज केली म्हणजे होडी कड्यावरच्या ठाण्याशीं पन्नास किलोमीटरांच्या आंतबाहेर बोलूं शकेल. परंतु तशाच दोन होड्या परस्परांशीं सोळा किलोमीटरांच्या पलीकडे बोलूं शकणार नाहींत. आमच्या पूर्वजांनीं समुद्रकिनाऱ्यावर किल्ले कोठें बांधले आणि इंग्रजांनीं दीपगृहें कोठें उभारलीं तें पाहावें. रडार व खांब बसविणाऱ्यांनाही हिंडूनफिरून त्याच जागा सांपडल्या. नातीच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथें आलें.

लांब पल्ल्यासाठीं मधल्या कोणीतरी ऐकून पुढें सांगावें लागतें. कांहीं पाळ्या त्यासाठींच राखतात आणि उंच उडणारें विमान हें काम करतें. आतां तर उपग्रहही आहेत. ऑगस्ट २०१३ मध्यें भारतानें नौदलासाठीं जीसॅट-७ हा उपग्रह सोडला व त्याला 'रुक्मिणी' असें नांव दिलें. २०१४ च्या आरंभीं झालेल्या मोठ्या सरावांत सुमारें साठ जहाजें व पंचाहत्तर विमानें त्याच्याकरवीं जोडलीं होतीं. नांव कोणीं सुचविलें तें ठाऊक नाहीं, पण सुचविणारानें भागवत वाचलेलें असावें. विदर्भराजाच्या या कन्येनें भावाच्या नकळत द्वारकेस गुप्त पत्र पाठविलें, विश्वासू ब्राह्मणाच्या हातीं पाठविलें, आणि त्यांत आपण कोठें व केव्हां भेटूं तें नेमकें कळविलें. ठिकाण, वेळ व गुप्तता, तिन्ही साधलीं. नोव्हेंबर २०२५ मध्यें श्रीहरिकोट्याहून या कामासाठीं नवा व अधिक मोठा उपग्रह सोडण्यांत आला.

गुप्ततेचा प्रकार दुहेरी असतो. मजकूर किल्लीनें बंद करतात, आणि ती किल्ली रोज बदलते. कालची किल्ली शत्रूच्या हातीं लागली तरी आजचा मजकूर उघडत नाहीं. दुसरें, लहरच एका जागीं ठेवीत नाहींत. लिंक-१६ एकावन्न लहरींवरून सेकंदांत सत्तर हजारांहून अधिक वेळां उड्या मारतें. उड्यांचा क्रम किल्ली जवळ असणारांसच ठाऊक. इतरांना नुसती खरखर ऐकूं येते. ही उड्यांची कल्पना जुनी आहे, आणि ती कोणाची हें ऐकून आमच्या घरांतील स्त्रीवर्गास विशेष कौतुक वाटलें. १९४२ सालीं हेडी लामार ही चित्रपटांतील नटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार, या दोघांनीं पाणतीराला बिनतारीनें दिशा देण्याच्या अशा युक्तीचें अमेरिकेंत पेटंट घेतलें. पियानोला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या असतात, म्हणून त्यांनीं लहरीही अठ्ठ्याऐंशीच योजिल्या होत्या. नौदलानें तेव्हां ती युक्ति बाजूस ठेवली.

जाळें उभें राहिलें म्हणजे काम संपलें असें नाहीं. तें चालविणें हें अधिक जिकिरीचें. समजा, एकच गलबत दोन ठाण्यांनीं पाहिलें. दोघांच्या मापांत थोडा फरक पडणारच. मग पडद्यावर एकाचीं दोन गलबतें दिसूं लागतात, आणि अशीं पांचपन्नास झालीं कीं अधिकाऱ्याच्या डोळ्यांपुढें सारा समुद्र भुतांनीं भरून जातो. म्हणून नियम असा, कीं एका वस्तूची वर्दी एकानेंच द्यावयाची. ज्याला ती सर्वांत चांगली दिसते त्यानें. दुसऱ्याला अधिक चांगली दिसूं लागली, कीं पहिल्यानें मुकाट्यानें बाजूस व्हावयाचें. यंत्रें हें करतात. शाळाखात्यांत आम्हीं हें होतांना क्वचितच पाहिलें.

हवाही खोड्या काढते. पावसाळ्यापूर्वींच्या उष्ण दिवसांत अरबी समुद्रावर हवेचे थर असे बसतात, कीं सरळ जाणारी लहर त्या थरांखालीं कोंडली जाऊन पृथ्वीच्या वळणाबरोबर वाकत दूरवर जाते. दुसऱ्या महायुद्धांत मुंबईच्या रडारला समुद्रापलीकडील अरबस्तानचा किनारा, हजार मैलांहून दूर असलेला, दिसूं लागला होता; ही गोष्ट या शास्त्राच्या ग्रंथांतून नमूद आहे. जें दिसतें तें जवळचें कीं दूरचें, हें मग चालविणाराच्या अनुभवावर सोडावें लागतें.

आणि सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे न बोलणें. जो बोलतो तो आपलें ठिकाण सांगतो. शत्रूला मजकूर कळला नाहीं तरी आवाज कोठून आला तें कळतें. म्हणून युद्धनौका पुष्कळदां पाळी असूनही मौन धरते आणि केवळ ऐकत राहते. व्यापारी जहाजांवरील त्या यंत्राची सक्ति युद्धनौकांना नाहीं, याचें कारण हेंच. आमचा शिष्य म्हणाला, "गुरुजी, नव्या पोरांना बोलायला शिकवणं सोपं असतं. गप्प बसून ऐकायला शिकवण्यांत माझीं निम्मीं वर्षें गेलीं."

आतां हें सगळें आपल्या किनाऱ्यावर कां आलें, तें सांगितलें पाहिजे. १९९३ सालीं आमच्या शेजारच्या रायगड जिल्ह्यांत शेखाडीच्या किनाऱ्यावर रात्रीं स्फोटकें उतरलीं, आणि मार्च महिन्यांत मुंबईंत त्यांचे स्फोट झाले. त्यानंतर समुद्रावर गस्त वाढली. पुढें नोव्हेंबर २००८ मध्यें कराचीहून निघालेल्या दहा जणांनीं वाटेंत 'कुबेर' नांवाची गुजरातची मासेमारी बोट पकडली, तिचे तांडेल अमरसिंह सोळंकी यांना ठार केलें, आणि शेवटच्या टप्प्यांत रबरी होडींतून मुंबईच्या मच्छीमार वस्तीजवळ ते उतरले. २६ तारखेच्या रात्रीपासून जें घडलें त्यांत १६६ माणसें गेलीं. 'कुबेर' इतर शेंकडों बोटींसारखीच एक बोट होती. समुद्रावर तिला कोणीं पाहिलेंही असेल. परंतु तिला विचारणारें कोणी नव्हतें, आणि सांगण्याचें साधन तिच्यापाशीं नव्हतें.

२००९ सालीं सरकारनें सागरी सुरक्षिततेची एकंदर जबाबदारी नौदलावर टाकली आणि किनाऱ्यालगतच्या पाण्याची तटरक्षक दलावर. दलाचें एक ठाणें येथें रत्नागिरीसही आहे. किनाऱ्यावरील दीपगृहांतून व उंच जागांवर रडारें, दूरवर पाहणारे कॅमेरे आणि जहाजांचें बोलणें ऐकणारीं यंत्रें बसविण्याचें काम सुरू झालें. पहिल्या टप्प्यांत अशीं ४६ ठिकाणें घेतलीं. दीपगृह खात्यानें २०१२ सालीं चौऱ्याहत्तर दीपगृहांवर ए. आय. एस. ऐकण्याची स्वतंत्र योजना पुरी केली. हीं सारीं ऐकलेलीं बोलणीं एकत्र करून एकच चित्र बनविण्याचें केंद्र दिल्लीजवळ गुरुग्राम येथें आहे. २३ नोव्हेंबर २०१४ रोजीं त्याचें उद्घाटन झालें, तें आपल्या गोव्याचे मनोहर पर्रीकर यांच्या हस्तें. संरक्षणमंत्री होऊन त्यांना तेव्हां पुरता महिनाही झाला नव्हता. नौदलाचीं २० व तटरक्षक दलाचीं ३१ ठाणीं आरंभीं त्या केंद्राशीं जोडलीं होतीं. नातीला उरलेलें अर्धें उत्तर आम्हीं असें दिलें, कीं दीपगृहावरची काठी जें ऐकते तें दूरवर जमिनींत, जेथें समुद्राचा वाससुद्धां येत नाहीं अशा गांवीं बसलेली मंडळी नकाशावर पाहतात.

"मग आपल्या होड्या त्यांना दिसतात का?" हा तिचा पुढचा प्रश्न. आणि येथें आम्हांस प्रामाणिकपणें 'सगळ्या नाहींत' असें सांगावें लागलें.

मोठें जहाज स्वतः बोलतें. लहान लांकडी होडी रडारला नीट दिसत नाहीं, विशेषतः लाटा उसळलेल्या असतां. आणि ती बोलत नसेल तर जाळ्याच्या दृष्टीनें ती नाहींच. वीस मीटरांच्या आंतल्या अशा होड्याच आमच्या किनाऱ्यावर अधिक. इस्रो व तटरक्षक दल यांनीं संकटकाळीं कळ दाबून उपग्रहाकडे हांक पाठविणारी एक पेटी काढली. ती २०१० पासून वापरांत आहे आणि अशा वीस हजारांहून अधिक पेट्या वांटल्या गेल्या. आग, बुडण्याचें भय, आजार, माणूस पाण्यांत पडणें, अशा प्रसंगांसाठीं तिच्यांत वेगवेगळी सोय आहे. उणीव एवढीच होती, कीं हांक पोंचली कीं नाहीं तें हांक मारणाराला कळत नसे.

आमच्या परिचयाच्या एका नाखव्याची हकीकत आम्हांस विसरतां येत नाहीं. त्याची होडी एका वर्षीं यंत्र बंद पडून तीन दिवस व दोन रात्री वाहत गेली. मोबाइलचा टप्पा केव्हांच सुटला होता. पेटी होती, पण तिची बॅटरी संपून वर्ष झालें होतें. ती बदलून मिळावी म्हणून तो एका कचेरींत दोनदां जाऊन आला होता आणि दोन्ही वेळां 'पुढच्या आठवड्यांत या' हें उत्तर घेऊन परतला होता. त्याची वृद्ध आई त्या दोन्ही रात्रीं धक्क्यावर बसून होती. आम्ही तिला घरीं चल म्हणावयास गेलों, तर ती म्हणाली, "मास्तर, घरी जाऊन तरी काय करू? हितं निदान पाणी दिसतं." तिसऱ्या दिवशीं एका ट्रॉलरला ती होडी योगायोगानें दिसली व त्यानें ती ओढून आणली. सात माणसें जिवंत परत आलीं.

नवें यंत्र मग आलें. ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें पंतप्रधानांच्या हस्तें एका योजनेचा आरंभ झाला. तेरा किनारी राज्यें व केंद्रशासित प्रदेश यांतील यांत्रिक मासेमारी बोटींवर क्रमाक्रमानें एक लाख ट्रान्स्पाँडर बसवावयाचे, खर्च सुमारें ३६० कोटी. हें यंत्र इस्रोच्या तंत्रावर बनलेलें असून तें दोन्हीकडून बोलतें. होडीची हांक वर जाते, आणि वादळाची सूचना किंवा 'तुमची हांक मिळाली' हें उत्तर खालीं येतें.

परंतु यंत्र बसविणें आणि तें चालू ठेवणें या दोन गोष्टी आहेत. आम्हीं बंदरावर चार तांडेलांना विचारलें, तेव्हां एकानें स्पष्टच सांगितलें, "पेटी चालू ठेवली, कीं मासा कुठं लागतो तें सगळ्यांना कळतं. मग उद्या तिथं पन्नास होड्या." दुसऱ्याला भय निराळें : हद्दीबाहेर किंवा बंदीच्या पाण्यांत जाळें टाकलें तर दंड होईल. पहिल्याची अडचण आम्हांस खरी वाटते. जागा कळण्याचा धोका युद्धनौकेला असतो म्हणून तिला मौनाची मोकळीक मिळाली. तांडेलाची जागा ही त्याची पोटाची भाकरी आहे, आणि ती शेजाऱ्यास कळूं न देतां केवळ रक्षकांस कळेल अशी खात्री त्याला कोणीं पटवून दिलेली आम्हांस तरी आढळली नाहीं. किल्लीनें मजकूर बंद करण्याची विद्या सैन्याकडे आहेच. तिचा थोडा अंश त्याच्याही वाट्याला यावा, आणि आलेला असल्यास तसें त्याला त्याच्या भाषेंत समजावून सांगावें. दुसऱ्याच्या भयाबद्दल मात्र आम्हांस फारशी सहानुभूति नाहीं, आणि तसें आम्हीं त्याला तोंडावर सांगितलें. तो हंसला व जाळें विणूं लागला.

यंदा आमच्या त्या नाखव्याच्या होडीवर नवें यंत्र बसलें. हंगामाच्या पहिल्या दिवशीं आम्ही नातीसह धक्क्यावर गेलों होतों. नारळ झाला, अंगारा लावून झाला. म्हातारी होडीवर चढूं शकत नाहीं, तिनें खालूनच मुलाला विचारलें, "पेटी लागली काय रे?" त्यानें केबिनींत डोकावून पाहिलें आणि बाहेर येऊन मोबाइल तिच्याकडे वळवून धरला. तिला तो वाचतां येत नव्हता. आमच्या नातीनें तिला वाचून दाखविला.